रागाची यादी

आदिलाबादहून बेल्याकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळणं म्हणजे त्या दिवसापुरता पुण्याचा उदयच समजायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. तेव्हापासून बाजाराला, दवाखान्याला, माहेराला, कधी नुसतंच बहिणीला भेटायला म्हणून बायका घराबाहेर पडू लागल्या. फार चांगलं झालं. पण जागा मिळेनाशी झाली. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट पर्समध्ये टाकायचं, इअरफोन कानात घालायचे आणि डोळे मिटायचे, हा माझा रोजचा क्रम. जाताना तास, येताना तास. एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं; म्हणजे एका फेरीत एक सामायिक होऊन वर थोडा वेळ उरतो, हा हिशोब मी बरेचदा केला आहे. सामायिक मात्र एकदाही केलेलं नाही. गाणी ऐकली.

वाटेत जैनद लागतं. नवी नवरी म्हणून हिंगोलीकडून इकडे आले तेव्हा गावाच्या नावात 'जैन' पाहून मी हरखले होते. ह्यांना म्हटलं, इथं आपलं मंदिर असणार. हे हसले. तिथलं प्रसिद्ध जुनं देऊळ लक्ष्मीनारायणाचं आहे. आता बस जैनदला थांबली की मी फक्त डोळे उघडून किती वाजले ते बघते.

गाणी माझ्या धाकट्या लेकीनं मेमरी कार्डावर भरून दिली आहेत. मी नावं सांगत गेले, ती शोधत गेली. एकूण २१४. सुमन कल्याणपूर, माणिक वर्मा, फडके, लताबाई, आशाबाई, थोडी नव्वदच्या दशकातली हिंदी सिनेमाची (कॉलेजचे दिवस, काय करणार), काही स्तवनं, भक्तामर, एक णमोकार. आणि या सगळ्यात एक माझ्या आईच्या आवाजातला आलोचना पाठ. तो शेवटच्या दशलक्षण पर्वात तिनं हिंगोलीच्या घरात म्हटला तेव्हा भाचीनं फोनवर धरून ठेवलेला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. पुढल्या पर्वाला आई नव्हती. लेकीनं विचारलं होतं, "आजीचं वेगळं ठेवू का?" मी म्हटलं, राहू दे सगळ्यांतच.

आधी मी गाणी निवडून ऐकायची. त्यात असं व्हायचं की २१४ असूनही ऐकली जायची पाच-सहाच. आवडलेलं पुन्हा लावायचं, त्याच्या शेजारचं अर्ध्यावर तोडायचं. बोट सारखं पुढं, मागं. लेक म्हणाली, "आई, शफलवर टाक ना." पत्ते पिसतात तशी गाणी पिसायची आणि फोन जे पान उलटेल ते ऐकायचं. हे मला एकदम पटलं, आणि त्याचं कारण थोडं धार्मिक होतं.

आमच्याकडे रविवारी दुपारी बायकांचा स्वाध्याय असतो. त्या आषाढात रत्नकरंडक श्रावकाचार चालू होता, भोगोपभोगपरिमाण व्रताचा भाग. एकदाच वापरून संपतं ते भोग, जसं जेवण, फूल. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र, दागिना. कुणीतरी सहज विचारलं, मग गाणं काय? त्यावर पाऊण तास वाद झाला. एक म्हणाली, भोग. सूर कानावर पडला की संपला, तोच सूर पुन्हा येत नाही. दुसरी म्हणाली, फोनमध्ये साठवलंय ना, रोज काढून घालता येतं, पातळासारखं, मग उपभोगच. एका आजींनी तर शब्द हा पुद्गलाचाच पर्याय आहे, म्हणजे तो कानावर आदळणारा पदार्थच आहे, इथपर्यंत नेलं. निकाल लागला नाही. पण घरी येताना मी चातुर्मासापुरता एक नियम घेऊन टाकला. आयुष्यभराचा असतो तो यम, मुदतीचा असतो तो नियम. माझं मुदतीचंच होतं. चार महिने गाणं निवडायचं नाही, मध्येच तोडायचं नाही, पुन्हा लावायचं नाही. फोन जे देईल ते घ्यायचं.

बाकीच्या कुणी हिरव्या भाज्या सोडल्या होत्या, कुणी एकाशन धरलं होतं. माझ्या नियमाला त्या हसल्या. मला मात्र मनातून वाटत होतं की माझाच नियम जास्त बारीक आहे. पोटाचं सगळेच सोडतात, कानाचं कोण सोडतं?

हे कानाचं प्रकरण आपल्या शास्त्रात जुनं आहे. एकेका इंद्रियामुळे जीव गमावणारी पाच उदाहरणं आपण लहानपणी पाठशाळेत ऐकलेली असतात. स्पर्शापायी हत्ती, चवीपायी मासा, वासापायी भुंगा, रूपापायी पतंग आणि सुरापायी हरीण. पारध्याच्या गाण्याला भुलून उभं राहिलेलं ते हरीण माझ्या पाठशाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं, मान वर करून. आणि तत्त्वार्थसूत्रात अपरिग्रहाच्या पाच भावना सांगितल्या आहेत त्या तर थेट इंद्रियांच्याच आहेत: आवडत्या विषयावर राग नको, नावडत्यावर द्वेष नको.

इथं 'राग' शब्दानं मराठी माणसाची मोठी पंचाईत होते. बाजारातल्या मराठीत राग म्हणजे संताप. गवयाच्या मराठीत राग म्हणजे यमन, भैरवी. आणि आपल्या मंदिरातल्या मराठीत राग म्हणजे ओढ, चिकटणं. वीतराग म्हणजे ज्याचा संताप गेला तो, असं मी दहाव्या वर्षापर्यंत समजत होते. आईनं सांगितलं, "अगं, संताप जायला सोपा आहे. माया जात नाही, ती जाते त्याला वीतराग म्हणायचं."

नियमाचे पहिले काही आठवडे फार छान गेले. भक्तामर संपून लगेच सिनेमाचं नाचाचं गाणं लागायचं आणि मला बसमध्ये हसू यायचं. (त्यात विसंगत तरी काय आहे? आपल्या मंडळातली निम्मी भजनं सिनेमाच्याच चालीवर असतात. आरती म्हणताना मूळ गाणं आठवत नाही अशी बाई मला दाखवा.) नको असलेलं लागलं तरी बोट हलू द्यायचं नाही. चौदा अंतरंग परिग्रहांत रति आणि अरति अशी दोन नावं आहेत, गोडी आणि कंटाळा. ती आधी नुसती पाठ होती. आता बोटाच्या टोकाशी कळू लागली. मला कर्मसिद्धांतसुद्धा त्यात दिसायला लागला. यादी मीच बांधलेली, तो बंध. कुठलं कधी वाजेल ते माझ्या हातात नाही, तो उदय. आणि बटण दाबून एखादं वेळेआधी ओढून आणायचं, ती उदीरणा. हे मी स्वाध्यायात सांगितलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. जरा जास्तच आवडलं, हे आज लिहिताना कळतंय.

आई आठवायची. तिच्या लहानपणी त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, शेजारी होता. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन गाणी. एक गाणं ऐकायचं आणि पुढच्यासाठी सात दिवस थांबायचं. आईच्या आईनं ते कुणाच्या तरी ओसरीवर उभं राहून ऐकलं होतं म्हणे. पुढे आईच्या लग्नात रेडिओ आला, मग परभणी केंद्र, विविध भारती, 'आपली आवड'. आईला एकदाही पत्र टाकून फर्माईश करावीशी वाटली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "लागलं तर ऐकायचं. नाही लागलं तर दुसऱ्याच्या आवडीचं ऐकायचं." मला वाटायचं, शफल लावून मी आईच्याच रेडिओपाशी परत आले.

तसं नव्हतं, आणि हे मला लेकीमुळे कळलं. एकदा मी तक्रार केली की हा फोन माणिक वर्मांची तीन गाणी लागोपाठ लावतो, नीट पिसतच नाही. ती म्हणाली, "नीट पिसलं की असंच होतं." खरोखर आंधळेपणानं पत्ते काढले तर एकाच रंगाची तीन पानं लागोपाठ येतातच. पण माणसाला ते पटत नाही, त्याला त्यात डाव दिसतो. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की ॲपल कंपनीनं २००५ साली शफलमध्ये बदल केला. यदृच्छा जरा कमी केली, म्हणजे ती माणसाला जास्त यदृच्छा वाटावी! २०१४ मध्ये स्पॉटिफायनंही आपली रीत बदलली; एका गायकाची गाणी यादीभर अंतरा-अंतरानं पसरून द्यायची. म्हणजे नशीबसुद्धा आपल्या पसंतीला उतरेल असं कापून शिवून मिळतं. माझ्या साध्या फोनमध्ये हे नसेलही. पण तेव्हा मला खटकलं ते वेगळंच. आईच्या रेडिओवर दुसऱ्याची आवड लागायची. कुठल्या तरी गावच्या कुणाकुणाची नावं वाचून दाखवायचे, त्यांचं गाणं आई ऐकायची. माझ्या यादीत दुसऱ्याचं एकही गाणं नाही. मी क्रम सोडला होता. यादी सोडली नव्हती.

एवढं कळूनही मी नियम तसाच चालू ठेवला, कारण तो मोडण्यासारखं काही घडलं नव्हतं.

श्रावणातली गोष्ट. शाळेत बैठक लांबली, नेहमीची बस गेली, पुढची मिळाली तेव्हा अंधारून आलं होतं आणि पाऊस लागला होता. खिडकीची जागा मिळाली. काचेतून फक्त पाणी दिसत होतं. दोन-तीन गाणी झाली आणि आईचा आवाज लागला.

त्याआधी चातुर्मासात तो दोनदाच लागला होता. निवडायचा नाही असा नियम असल्यामुळे मी रोज त्याची वाट पाहायची, आणि वाट पाहते आहे हे स्वतःला कबूल करायची नाही. आवाज लागला तशी मी अंग आवळून बसले. आलोचना पाठात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दळता-कांडता, पाणी भरता, चूल पेटवता, चालता-बोलता नकळत ज्या जिवांना आपल्याकडून इजा झाली त्यांची कबुली. आईचा स्वर त्यात थोडा खाली यायचा, जसा घरात कुणी झोपलेलं असताना बोलतो तसा.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली होती. गोंड असावी, कपाळावर गोंदण, ओलं पातळ, मांडीवर पिशवी. तिनं माझ्या मनगटाला हात लावला आणि काहीतरी विचारलं. तोंड हललेलं दिसलं. मी मान हलवली. हो म्हणून. कशाला हो, ते मला माहीत नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली, आणि काचेकडे वळले, कारण कुकरच्या शिट्टीची जागा जवळ आली होती. त्या शिट्टीनंतर आई एक क्षण थांबते आणि मग पुढचं कडवं घेते. तो एक क्षण मला चुकवायचा नव्हता.

पाठ संपला तेव्हा बसमध्ये आरडाओरडा चालू होता. म्हातारी दारापाशी उभी राहून गोंडी आणि मराठीत बोलत होती, कंडक्टर तेलुगूत. तिचा फाटा मागे गेला होता. बस थांबली, ती उतरली, दार लागलं. बाहेर दिवा नव्हता. सगळं मिळून मिनिटभरात झालं. मी इअरफोन काढले, पुढच्या बाईला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "फाटा पुढं हाय म्हणून कोनीतरी सांगितलं म्हने तिले."

मी बस थांबवा म्हटलं नाही. हे मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे. म्हणता आलं असतं. बस जागेवरून हलून पाच सेकंदही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर होता. त्यानं मला तिकीट देताना मोडक्या मराठीत म्हटलं, "मॅडम, ती अम्मा तुम्हालाच विचारली ना काल? मागे दोन-तीन किलोमीटर चालली असंल." रागावून नाही, नुसती माहिती म्हणून.

स्वाध्यायात मी हे सांगितलं. उदीरणेचा सिद्धांत सांगितला होता तिथंच. बायका हळहळल्या आणि मग मला सोडवायला लागल्या. एक म्हणाली, तुझा भाव वाईट नव्हता, हिंसा कशी होईल? पण आपल्या शास्त्रात हिंसेच्या व्याख्येत पहिला शब्द प्रमाद आहे. बेसावधपणा. हेतू असायलाच हवा असं तिथं कुठं म्हटलंय? दुसरी म्हणाली, गाणीच बंद कर. ते मला तेव्हाही पटलं नाही, अजून पटत नाही. सूर वाईट असता तर मंदिरातली पूजा आपण गद्यात केली असती.

तिसरी जे म्हणाली ते मात्र मला अजून नीट सोडवता आलेलं नाही. तिला तीन मुलं, अंथरुणाला खिळलेले सासरे, दुकान. ती म्हणाली, "बाई, दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं. नवऱ्याचं, पोरांचं, सासऱ्यांची घंटा, दाराची बेल. तुला बसमध्ये तासभर कुणाचं ऐकायला लागत नाही, तर तेवढे कान तुझे राहू देत. तिथंसुद्धा गावाचं ऐकत बसायचं का आपणच?" मैत्रिणींनो, तुम्हीही हेच म्हणाल, मला ठाऊक आहे. मी स्वतःला हेच म्हणून पाहिलं. बसमध्ये पन्नास माणसं होती. पुरुष होते, तरणी पोरं होती कानात घालून बसलेली. म्हातारीनं मलाच का विचारावं? तर मी बाई होते आणि तिच्या शेजारी होते म्हणून. तिला वाटलं, ही ऐकेल.

आणि मी ऐकत नाही असं तिला दिसू दिलं असतं तर तिनं दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. चूक कान झाकण्यात नव्हती, मान हलवण्यात होती, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, मान हललीच कान झाकल्यामुळे.

आदिपुराणातली नीलांजनेची गोष्ट या दिवसांत पुन्हा वाचली. ऋषभदेवांच्या सभेत ती नाचत होती. नाचता नाचताच तिचं आयुष्य संपलं. इंद्रानं त्याच क्षणी तिच्याजागी तशीच दुसरी उभी केली, ताल चुकला नाही, सभेला कळलंही नाही. फक्त ऋषभदेवांना कळलं, आणि त्यांना वैराग्य आलं. लहानपणी वाटायचं, जीवन क्षणभंगुर आहे एवढंच सांगणारी ही गोष्ट. आता मला त्यातली सभा दिसते. एवढी माणसं बसली होती, सगळी बघत होती, आणि समोर एक बाई गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नाच चालू राहिला. त्या बसमध्ये मी सभेतली होते.

मी आईचा पाठ यादीतून काढून पाहिला. तीन दिवस यादीत २१३ होती. चौथ्या दिवशी परत घातला. मला हे वैराग्य झेपणारं नाही, निदान या वर्षी. इअरफोन मात्र एकाच कानात घालायला लागले, खिडकीकडच्या. दुसरा मांडीवर. त्यात गाणं अर्धं ऐकू येतं. एकीकडचे वाद्यमेळ गळून जातात आणि तिथं बसचा गिअर, कोंबडी, कापसाच्या भावावरून वाद, असं काहीही भरतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "प्रवासात दोन्ही कान बुजवून बसतं का कोणी? उतरताना कुणी हाक मारली तर?" त्यांना हे इतकं साधं वाटत होतं की मी पुढचं काही बोललेच नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी, नियम संपायला आला असताना, त्याच फाट्यावर पाच-सहा गोंड बायका चढल्या. दंडारीचे दिवस होते, या गावचे नाचणारे त्या गावाला जातात, त्यासाठी निघालेल्या. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी मागून ट्रॅक्टरनं येणार होते म्हणे. बायका गुणगुणत होत्या. मला गोंडी येत नाही. माझ्या यादीत त्यातलं काही नाही. एक माझ्या शेजारी बसली, माझ्याच वयाची असेल. मी तिला विचारलं, कपाळावर गोंदण असलेली, श्रावणात पावसात उतरलेली एक म्हातारी तुमच्या गावची आहे का, बरी आहे का ती?

ती हसली. "कोनती म्हातारी वं? आमच्यात समद्याच म्हाताऱ्या गोंदलेल्या." मग मागे वळून तिनं बाकीच्यांना गोंडीत विचारलं, त्याही हसल्या, दोन-तीन नावं घेतली गेली, त्यातलं कुठलं माझ्या म्हातारीचं ते मला कळायची सोय नव्हती. तिनं मांडीवरच्या इअरफोनकडे बोट केलं. "काय आयकता?"

मला वाटतं, मी तो तिच्या हातात दिला तेव्हा सिनेमाचं काहीतरी चालू होतं. तिनं कानात घातला, थोडी डोलली, पुन्हा हसली. मग गाणं संपलं आणि फोननं आईला लावलं. माझ्या एका कानात, तिच्या एका कानात. ती डोलायची थांबली. कुकरची शिट्टी झाली तशी दचकली, आणि मग आई थांबते तिथं तीही थांबली. शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं, "कोन म्हनते हे?"

"माझी आई."

"बरी हाय ना?"

मी मान हलवली. जैनद आलं होतं, बायका उतरायला उठल्या. तिनं इअरफोन पदराला पुसून माझ्या हातात ठेवला.